मशीनवाल्याचा ट्रक का चालला नाही?

प्रश्न : काका, सप्रेम नमस्कार. माझी तळेगावच्या आसपास खोदाईची आणि मुरूम-खडी वाहतुकीची कामं असतात. दोन पोकलेन स्वतःचे, टिपर भाड्याने लावतो. आता दोन टिपर घ्यायचं घरात चाललंय. मुलाचं म्हणणं, ज्या कंपनीचं मशीन पंधरा वर्षं दगडात राबतं तिने ट्रक काढला तर डोळे मिटून घ्यावा. मी त्याला सांगितलं, कॅटरपिलरने अमेरिकेत रस्त्यावरचे ट्रक काढले होते आणि पाच वर्षांत गुंडाळले असं मी ऐकलंय. तो मानायला तयार नाही. एवढं नाव, एवढा पैसा, एवढे डीलर. मग ट्रकमध्ये हात का पोळले?
– एक वाचक, तळेगाव दाभाडे

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. पण मुलावर रागावू नका. त्याच्या वयात मीही हेच म्हटलं असतं. १९८४ साली फिटर म्हणून लागलो तो कालव्याच्या कामावर, डोझरवर. अठरा वर्षं मशीनवर गेली आणि नंतरची सगळी भोसरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या वर्कशॉपमध्ये, ट्रकवर. दोन्हीकडे तेच डिझेल, तेच पिस्टन, तोच पाना. तरी ट्रकवर आल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की आपण वेगळ्या धंद्यात आलोय.

मशीनला अवर मीटर असतो. मालक विचारतो, तासाला डिझेल किती खाल्लं आणि तासाला काम किती झालं. बंद पडलं तर ते जिथे आहे तिथेच असतं. डीलरचा माणूस गाडीत सामान टाकून साइटवर येतो, बाजूला ताडपत्री बांधतो, चहा पीत पीत दोन दिवसांत मशीन उभं करून देतो. ट्रकचं तसं नाही. मंगळवारी चाकणला भरलेला ट्रक गुरुवारी हुबळीच्या पुढे कुठेतरी असतो. तिथे तो अडकला की ड्रायव्हरचा भत्ता, पार्टीचा फोन, बुडालेलं परतीचं भाडं आणि वर बँकेचा हप्ता, सगळं एकदम अंगावर येतं. ट्रकमालक अ‍ॅव्हरेजवर जगतो. लिटरमागे पाव किलोमीटर कमी पडला तरी वर्षाअखेर त्याला तो आकडा झोपू देत नाही.

तुमच्या मुलाला एक गोष्ट आधी सांगा. कॅटरपिलरला ट्रक बनवता येत नव्हते असं कुणी म्हणू नये. खाणीतला त्यांचा ७९७ एका खेपेला साडेतीनशे टनांहून जास्त माल उचलतो. पण तो खाणीबाहेर पडत नाही, त्याला नंबरप्लेट नाही आणि त्याची देखभाल करणारी माणसं त्याच खाणीत मुक्कामाला असतात. म्हणजे चाकं असली तरी ते मशीनच.

आता रस्त्याचं. अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांना कॅटरपिलर कित्येक वर्षं ठाऊक होती ती इंजिनामुळे. ट्रक पीटरबिल्टचा किंवा केनवर्थचा आणि बॉनेटखाली पिवळं इंजिन. ३४०६ आणि पुढे सी-१५ ही नावं तिथले स्वतःचा ट्रक स्वतः चालवणारे मालक आजही जीव लावून घेतात. चढावर ओढ आणि लाखो मैल आयुष्य, या दोन गोष्टींवर हा लौकिक उभा होता. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे हीच गोष्ट हातातून गेली.

कारण होतं धुराचे नियम. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने कॅटरपिलर, कमिन्स, डेट्रॉईट डिझेल, मॅक, नॅव्हिस्टार, रेनो आणि व्होल्व्हो अशा सात कंपन्यांना एकदम धरलं. तपासणीत इंजिन स्वच्छ चालतं आणि हायवेवर जास्त नायट्रोजन ऑक्साइड सोडतं, असा आरोप होता. तडजोड झाली. ८ कोटी ३४ लाख डॉलरचा दंड झाला आणि २००४ चे नियम ऑक्टोबर २००२ पासूनच पाळायचे ठरले. बाकीच्यांनी ईजीआर लावला, म्हणजे इंजिनाचाच थोडा धूर परत त्याला पाजणारी यंत्रणा. कॅटरपिलरने वेगळी वाट धरली. दोन टर्बो एकामागे एक, व्हॉल्व्हच्या वेळा बदलणारी यंत्रणा, सायलेन्सरमध्ये कॅटॅलिस्ट. याला ‘असर्ट’ नाव दिलं. ते तयार व्हायला २००३ उजाडलं आणि तोवर दर इंजिनामागे दंड भरून माल विकावा लागला. २००७ ला नियम आणखी कडक झाले, काजळी पकडणारा फिल्टर आला, तो जाळून साफ करणारी यंत्रणा आली. त्या यंत्रणेने मालकांना इतकं छळलं की सी-१३ आणि सी-१५ वाले कोर्टात गेले आणि २०१६ मध्ये ६ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

त्यापुढे होतं २०१० चं वळण. जून २००८ मध्ये कॅटरपिलरने जाहीर केलं की २०१० च्या नियमांचं ट्रक इंजिन आम्ही अमेरिकेसाठी बनवणार नाही. हिशेब समजण्यासारखा होता. डेमलरकडे डेट्रॉईट होतं, व्होल्व्होकडे स्वतःचं इंजिन, पीटरबिल्ट-केनवर्थची मालक पॅकार स्वतःचं एमएक्स आणत होती. दुसऱ्याच्या ट्रकमध्ये इंजिन बसवून जगायची जागा आक्रसत चालली होती. कमिन्सने ती जागा सोडली नाही. आपल्या कोथरूडच्या कमिन्सचं माहेर तेच. पण कॅटरपिलर बाहेर पडली आणि त्याच घोषणेत म्हणाली की इंटरनॅशनल ट्रक बनवणाऱ्या नॅव्हिस्टारबरोबर मिळून ट्रक काढू. इंजिन सोडायचं आणि ट्रक धरायचा! माझ्या मते निम्मी हार त्याच दिवशी झाली.

मार्च २०११ मध्ये लास व्हेगासच्या कॉनएक्स्पो प्रदर्शनात सीटी-६६० उभा राहिला. डंपर, काँक्रीट मिक्सर असल्या कामांचा ट्रक. तुम्ही ‘रस्त्यावरचे’ म्हणालात ते बरोबर, त्याला नंबरप्लेट होती, पण लांब पल्ल्याचा माल ओढणारा ट्रक तो नव्हता. कल्पना शहाणपणाची होती हे मी मोकळेपणाने म्हणतो. ज्या गिऱ्हाइकाकडे चार कॅट, म्हणजे कॅटरपिलरची, मशीन आहेत त्याच्याकडे दहा टिपरही असतात. मग त्याच डीलरने टिपर द्यावा, त्याच फिटरने बघावा. डीलरांकडे ट्रक इंजिनांची वर्कशॉपही आधीपासून होती. गिअरबॉक्स कॅटचा स्वतःचा, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. बॉनेट आणि केबिनचा बाज वेगळा. पण खाली सांगाडा नॅव्हिस्टारच्या इंटरनॅशनल पेस्टारचा. तो बनतही होता त्यांच्याच कारखान्यात, टेक्ससमधल्या गारलँडला. आणि इंजिन? पाटीवर सीटी-११, सीटी-१३. आत नॅव्हिस्टारची मॅक्सफोर्स. त्यांचाही मूळ आराखडा जर्मनीच्या मॅन कंपनीचा. (हीच मॅन आपल्या आकुर्डीच्या फोर्सबरोबर पिथमपूरला ट्रक बनवायला आली होती. २०१८ मध्ये तिनेही भारतातला गाशा गुंडाळला.)

बरं, दुसऱ्याचं इंजिन घेतलं म्हणून कुणी बुडत नाही. पण हे इंजिन चुकीच्या वाटेवर होतं. २०१० च्या नियमासाठी बाकी सगळे युरियाकडे, म्हणजे सायलेन्सरमधल्या धुरावर युरियाचं पाणी मारायच्या पद्धतीकडे गेले. कमिन्सनेही आधी मोठ्या इंजिनांना युरिया नको म्हटलं होतं, पण ऑगस्ट २००८ मध्ये वेळेवर दिशा बदलली. नॅव्हिस्टार एकटी अडून बसली. ड्रायव्हरला युरिया भरायची कटकट नको, आम्ही ईजीआरवरच भागवू, असं तिचं म्हणणं. ऐकायला गोड होतं.

यात काय होतं ते मी तुम्हाला लांबून नाही, बोटाने दाखवतो. वाघोलीच्या खाणीवरचा एक टिपर आमच्याकडे टो करून आणला होता. तक्रार काय, तर कुलंट कमी होतंय आणि खाली थेंब नाही. रेडिएटर सुका, होस सुके, वॉटर पंप ठीक. चालू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गोडसर वास. तो वास एकदा नाकात बसला की माणूस विसरत नाही. ईजीआर कूलर उतरवला. आतली बारीक नळी तडकली होती आणि कुलंट तिथून धुरात जात होतं. मग इनटेकचा पाइप काढला. आत बोट घातलं तर नखापर्यंत रुतलं. काजळी आणि तेल मिळून डांबरासारखा थर, मूळ भोकाच्या जेमतेम दोन तृतीयांश जागा उरलेली. ज्या वाटेने इंजिन श्वास घेतं त्या वाटेला हा चिखल. मालक शेजारी उभा होता. तो म्हणाला, ‘तरीच चढाला मरत होता बिचारा.’

ईजीआर म्हणजे इंजिनाचाच थोडा धूर थंड करून परत त्याला पाजायचा. त्याने सिलिंडरमधली आग सौम्य होते आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतो. पण आग सौम्य झाली की काजळी वाढते, अ‍ॅव्हरेज उतरतं, कूलर आणि रेडिएटरवर उष्णतेचा बोजा पडतो. युरियाची पद्धत उलटी. आग मनासारखी पेटू द्यायची आणि जे घाण तयार होईल ते सायलेन्सरमध्ये युरियाच्या पाण्याने मारायचं. त्या पाण्यात साडेबत्तीस टक्के युरिया असतो, उष्णतेने त्याचा अमोनिया होतो आणि नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होते. टाकी भरायची कटकट आहे खरी, पण इंजिनाचा श्वास मोकळा राहतो.

मर्यादेत असेल तर ईजीआर वाईट नाही. आपल्याकडे २०१७ ला बीएस-४ देशभर आलं तेव्हा अशोक लेलँडने मोठे ट्रक ईजीआरवर चालवून दाखवले. पण बीएस-४ ची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा होती किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅम. अमेरिकेची २०१० ची मर्यादा त्याच मापात साधारण ०.२७ ग्रॅम. तेरा पट कडक! एवढं खाली ईजीआरने उतरायचं तर इंजिनाला धूरच धूर पाजावा लागतो. आपल्याकडेही २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर मोठे ट्रक युरियाकडेच गेले.

नॅव्हिस्टारला ती रेषा गाठता आली नाही. आधीच्या वर्षांत कमावलेली सवलत वापरून तिने इंजिनं विकली, सवलत संपत आली तेव्हा दंड भरून विकायची परवानगी मिळवली आणि जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या अपील कोर्टाने ती परवानगीच रद्द केली. पुढच्या महिन्यात कंपनीने युरिया स्वीकारला, ऑगस्टमध्ये तिचे प्रमुख डॅन उस्टियन पायउतार झाले. मॅक्सफोर्सच्या मालकांनी केलेल्या दाव्यांत पुढे साडेतेरा कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यावरून रस्त्यावर काय चाललं होतं याचा अंदाज करा. नॅव्हिस्टारचं १५ लिटरचं इंजिन कॅटच्या सी-१५ च्या ब्लॉकवरच बेतलेलं होतं. जुन्या गिऱ्हाइकाला ओढून आणेल असं ते एकच होतं. पण त्या जागी नॅव्हिस्टारने कमिन्स घेतलं.

आता कॅटच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या जागी उभे राहून बघा. तो वीस वर्षं सी-१५ चालवलेला माणूस. डीलरकडे जातो, पिवळी पाटी बघून छाती भरून येते. बॉनेट उघडतो तर आत ज्या इंजिनाबद्दल त्याने पंपावर, ढाब्यावर वाईट ऐकलंय तेच. तो कशाला थांबेल? त्याचा विश्वास पाटीवर कधीच नव्हता. तो पाटीच्या खालच्या लोखंडावर होता.

ऑस्ट्रेलियात त्यांनी सीटी-६१० आणि सीटी-६३० हे लांब पल्ल्याचे ट्रकही काढले होते. तिथले नियम सौम्य, म्हणून त्यांत खरी कॅटची इंजिनं बसली. पण ज्या इंजिनाचा मुख्य देशातला बाजार तुम्ही स्वतः बंद केलाय ते एका लहान बाजारासाठी किती वर्षं सुधारत बसणार? तेही थांबलं.

शेवट लवकर आला. सीटी-६८१, सीटी-६८० असे आणखी दोन ट्रक आणले. २०१५ मध्ये नॅव्हिस्टारशी काडीमोड ठरला, टेक्ससमधल्या व्हिक्टोरियाच्या स्वतःच्या कारखान्यात ट्रक बनवायचं जाहीर झालं. आणि तिथून पहिला ट्रक बाहेर पडायच्या आत, फेब्रुवारी २०१६ मध्ये, नवी ऑर्डर घेणं बंद. कंपनीने दिलेलं कारण प्रामाणिक होतं. टिकायचं तर ट्रकची पूर्ण मालिका उभी करावी लागेल, तिला मोठा पैसा लागेल आणि तेवढा बाजार दिसत नाही. त्या वेळी खाणींचा धंदा झोपलेला होता. कंपनीची विक्री २०१२ च्या जवळजवळ ६६ अब्ज डॉलरवरून २०१५ ला ४७ अब्जांवर आली होती. घरचीच चूल विझत असताना दुसऱ्या अंगणात कोण सरपण टाकणार?

पण मंदीला सगळा दोष देऊन मुलाची समजूत काढू नका. मंदी उद्या येते, परवा जाते. स्वतःचं इंजिन हातात असतं तर मंदी संपेपर्यंत दम धरायला काही कारण उरलं असतं. ट्रकमध्ये स्वतःचं म्हणावं असं जे होतं त्यावर तो दम टिकण्यासारखा नव्हता. मला याचं खरंच वाईट वाटतं. त्या कंपनीच्या डोझरवर मी हात काळे करून शिकलो. चांगल्या माणसांनी बनवलेलं चांगलं इंजिन असं आपल्याच घरातून बाहेर पडताना बघवत नाही.

प्रश्न : काका, मी चाकणला नोकरी करतो. हीच नॅव्हिस्टार महिंद्राबरोबर आमच्या शेजारी ट्रक बनवत होती ना? ती भागीदारीही मोडली, पण महिंद्राचे ट्रक तर रोज गेटमधून बाहेर पडताना दिसतात. तिथे काय वेगळं झालं?
– एक वाचक, खेड

उत्तर : हो, तीच. २००५ मध्ये दोघं एकत्र आले, २०१० पासून चाकणहून मोठे ट्रक निघू लागले. अमेरिकेत नॅव्हिस्टार अडचणीत आली आणि डिसेंबर २०१२ मध्ये महिंद्राने तिचा ४९ टक्के हिस्सा १७५ कोटी रुपयांना घ्यायचं जाहीर केलं. फरक इथे आहे. भागीदार गेला तेव्हा ७.२ लिटरचं इंजिन चाकणलाच बनत होतं आणि ते महिंद्राकडे राहिलं. त्या वेळी आपले धुराचे नियमही अमेरिकेसारखे कड्यावर नेऊन उभे करणारे नव्हते, त्यामुळे शिकायला वेळ मिळाला.

दुसरं, त्यांनी ट्रकवाल्याची दुखरी नस ओळखली. २०१६ मध्ये ब्लाझो ट्रक आणताना म्हणाले, अ‍ॅव्हरेज जास्त मिळालं नाही तर ट्रक परत द्या. बंद पडलेला ट्रक ४८ तासांत रस्त्यावर आणू, नाहीतर दिवसाचे हजार रुपये आम्ही देऊ, अशी हमीही होती. ही भाषा अवर मीटरवाल्याची नाही, किलोमीटरवाल्याची आहे. तरीही टाटा आणि लेलँडच्या पुढे त्यांचा वाटा अजून लहानच आहे, आणि खपाचा आकडा वाढवायला २०२५ मध्ये त्यांनी एसएमएल इसुझू ही ट्रक-बस कंपनी ताब्यात घेतली. या धंद्यात पाय रोवायला वीस वर्षंही थोडी पडतात, हे तुम्हाला तुमच्याच गेटवर दिसेल.

तळेगावच्या वाचकांना आणखी एक. टिपर कोणताही घ्या, पण बुकिंगच्या आधी मुलाला घेऊन एकदा निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत या. तिथल्या सामानाच्या दुकानांत तीन वस्तू विचारा : ईजीआर कूलर, युरियाचा पंप आणि क्लच प्लेट. कोणत्या गाडीचं सामान फळीवर आहे, कोणत्या गाडीला ‘परवा मागवून देतो’ म्हणतात, हे वहीत लिहून घ्या. मग त्याच गाडीचे दोन मालक गाठून त्यांची डिझेलची वही बघा, सेल्समनची नको. हे सगळं झाल्यावर मुलाला माझ्याकडे पाठवा, आपण तिघं बसून आकडे मांडू.